टोबारचं इलेक्ट्रिक सॉकेट: ब्रिटनमधल्या एमओटीआधी घरच्या घरी करायची तपासणी

ब्रिटनमध्ये जुनी गाडी विकत घेतली की पुष्कळदा तिच्या मागच्या बंपरखाली टोबार, म्हणजे मागे काही ओढण्यासाठीचा दांडा, बसवलेला असतो. आधीचा मालक कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) ओढत असेल, घोड्यांचा ट्रेलर ओढत असेल, नाहीतर नुसता सायकल कॅरियर लावत असेल. आपल्या मराठी घरांत कॅराव्हॅन क्वचितच असते. सायकलींचा कॅरियर मात्र असतो, आणि घरातला जुना सोफा कचरा केंद्रावर न्यायला मित्राकडून मागून आणलेला छोटा ट्रेलरही असतो. टोबारच्या गोळ्याशेजारी झाकण असलेलं एक गोल सॉकेट असतं. गाडीकडून ट्रेलरच्या दिव्यांना वीज आणि इशारे तिथूनच जातात. भारतात गाडी चालवायला शिकलेल्यांपैकी बहुतेकांनी हे सॉकेट कधी हाताळलेलंच नसतं, म्हणून त्याच्याकडे लक्ष जातं ते थेट एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक चाचणीच्या, कागदावर शेरा आल्यावर.

हा लेख इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या एमओटीपुरता आहे. तिचे नियम डीव्हीएसए ही सरकारी संस्था ठरवते. गाडी तीन वर्षांची झाली की ही चाचणी दरवर्षी द्यावी लागते. टोबारचं सॉकेट २०१२ साली या चाचणीत आलं.

एमओटीत नेमकं काय पाहतात

पहिली गोष्ट पिनांची संख्या. सात पिनांचं सॉकेट असेल तर परीक्षक ते घट्ट बसलंय का, फुटलंय का, तारांचं आवरण धड आहे का, एवढंच बघतो. त्यातून वीज येते की नाही हे तपासत नाही. तेरा पिनांच्या सॉकेटला मात्र तो टेस्टर लावतो आणि ट्रेलरच्या दिव्यांचे इशारे बरोबर पिनांवर येतात का ते पाहतो.

२० मे २०१८ पासून एमओटीतल्या दोषांचे तीन वर्ग आहेत: किरकोळ, मोठा आणि धोकादायक. किरकोळ दोष असला तरी गाडी पास होते, पण त्याची नोंद राहते. मोठा किंवा धोकादायक दोष निघाला की नापास. तारेचं आवरण थोडं खराब असेल तर किरकोळ. तिथे शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता असेल तर मोठा. तेरा पिनी सॉकेट नीट काम करत नसेल तर तोही मोठा. सॉकेट ढिलं असेल तर किती ढिलं आहे त्यावर ठरतं.

यातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सात पिनी सॉकेट आतून पूर्ण मेलेलं असलं तरी गाडी एमओटीत पास होऊ शकते. शिवाय साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःची वार्षिक एमओटी नसतेच. म्हणजे ट्रेलरच्या मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक दिसणार की नाही, हे या सगळ्या व्यवस्थेत कुणीच तपासलेलं नसेल असं घडू शकतं. कायद्याने जबाबदारी चालकाची आहे. म्हणून पुढची तपासणी केवळ प्रमाणपत्रासाठी करू नका. एम वनवर रात्री पावसात मागून ट्रक येतो तेव्हा ते प्रमाणपत्र कामाला येत नाही.

पायरी १: तुमचं सॉकेट कोणतं ते ओळखा

झाकण उचला आणि मोजा. सात पिनी काळं सॉकेट असेल तर ते १२एन. त्यातून फक्त ट्रेलरच्या बाहेरच्या दिव्यांची वीज जाते. त्याच्या शेजारी तसंच, पण पांढरं किंवा राखाडी दुसरं सॉकेट असेल तर ते १२एस. ते कॅराव्हॅनच्या आतल्या सोयींसाठी, म्हणजे फ्रिज, बॅटरी चार्जिंग आणि रिव्हर्स लाईट यांसाठी असतं. या दोघांचे प्लग एकमेकांत जाऊ नयेत म्हणून मधली पिन उलटी ठेवलेली असते, त्यामुळे जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नका. तेरा पिनांचं एकच सॉकेट असेल तर दोघांचं काम ते एकटं करतं. त्याचा प्लग आत घालून उजवीकडे फिरवून अडकवायचा असतो. ब्रिटनमधल्या नव्या कॅराव्हॅन साधारण २००८ पासून याच प्लगसह येऊ लागल्या.

तेरा पिनी सॉकेटमध्ये सात पिनांचा ॲडॅप्टर कायमचा खोचून ठेवलेला दिसला तर आधी तो काढा. तो असेपर्यंत झाकण बंद होत नाही आणि पाणी थेट आत जातं. ट्रेलर जोडताना लावावा, सोडताना काढून डिकीत टाकावा.

पायरी २: डोळ्यांनी आणि हातांनी

वीज तपासण्याआधी गाडीमागे बसून नीट पाहा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त दोष इथेच सापडतात.

झाकण उचलून सोडा. स्प्रिंगने ते आपोआप मिटलं पाहिजे. झाकणाच्या आतली रबरी पट्टी जागेवर आहे का बघा. सॉकेट हाताने हलवा. ते पत्र्याच्या पट्टीवर तीन स्क्रूंनी बसवलेलं असतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने हे स्क्रू गंजून एखादा गळून पडलेला असतो. पट्टीच गंजून पातळ झाली असेल तर स्क्रू बदलून उपयोग नाही, पट्टी बदला.

मग केबल. सॉकेटच्या मागून निघून ती बंपरमध्ये शिरते तिथपर्यंत बोट फिरवत जा. खाली लोंबते का? एक्झॉस्टच्या पाइपाला लागून वितळली आहे का? पत्र्याच्या कडेवर घासून आतल्या रंगीत तारा दिसू लागल्या आहेत का? काढता-घालता किंवा आत दुमडणारा टोबार असेल तर तो दोन-तीनदा उघडमीट करा आणि केबल कुठे चिमटते का ते पाहा. आवरण फाटलं असेल तर नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागणार नाही, कारण पावसाचं पाणी पट्टीखाली साठतं आणि तांबं आतून कुजवतं. तेवढा तुकडा कापून नवीन जोड द्या आणि त्यावर आत गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवा.

पायरी ३: साफसफाई

आता पिनांकडे नीट बघा. पितळेच्या भांड्यात आंबट राहिलं की कळक येतो तसा हिरवा-निळा थर त्यांवर दिसेल. तो वीज अडवतो.

पण हात घालण्याआधी एक खबरदारी घ्या. तेरा पिनीतल्या ९ क्रमांकावर आणि १२एसमधल्या ४ क्रमांकावर गाडी बंद असतानाही बॅटरीची वीज असू शकते. तिथे धातूचा ब्रश किंवा स्क्रूड्रायव्हर फिरला तर ठिणगी उडते आणि फ्यूज जातो. म्हणून आधी टोबारचा फ्यूज काढा. कुठला तो कळत नसेल तर बॅटरीचं ऋण टोक सोडवा.

मग काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, बारीक नायलॉन ब्रशने प्रत्येक पिन घासून, पुन्हा फवारून कोरडं होऊ द्या. पिनांना भेगा असतात आणि त्या पसरट झालेल्या असतील तर प्लगशी पकड राहत नाही. बारीक पक्कडीने अगदी हलके आवळा. शेवटी विद्युत जोडण्यांसाठी मिळणारं संरक्षक ग्रीस थोडंसं लावा. पिना मुळाशी कुजलेल्या असतील तर साफसफाईत वेळ घालवू नका. नवं सॉकेट महाग नसतं.

पायरी ४: कोणती पिन कशाची

तेरा पिनी सॉकेटचं मानक आयएसओ ११४४६. त्यातली रचना अशी:

१. डावा इंडिकेटर
२. मागचा फॉग लाईट
३. अर्थ, म्हणजे वीज परत जाण्याची वाट (१ ते ८ पिनांसाठी)
४. उजवा इंडिकेटर
५. उजवा टेल लाईट
६. ब्रेक लाईट
७. डावा टेल लाईट
८. रिव्हर्स लाईट
९. कायमची वीज
१०. इग्निशन चालू असताना मिळणारी वीज, बहुधा फ्रिजसाठी
११. १० क्रमांकाचा अर्थ
१२. राखीव
१३. ९ क्रमांकाचा अर्थ

सात पिनी १२एनमध्ये पहिल्या सात पिना नेमक्या याच क्रमाने येतात, त्यामुळे एक क्रम पाठ झाला की दोन्ही सॉकेटं समजली.

क्रमांक सॉकेटच्या प्लास्टिकवर पिनांशेजारी बारीक अक्षरांत कोरलेले असतात. टॉर्च लावून तेच वाचा. इंटरनेटवरच्या आकृत्या कधी समोरून काढलेल्या असतात, कधी मागून, आणि मागून पाहिलं की डावं-उजवं उलटतं. तारांच्या रंगांवरही विसंबू नका. १ ला पिवळी, २ ला निळी, ३ ला पांढरी, ४ ला हिरवी, ५ ला तपकिरी, ६ ला लाल, ७ ला काळी ही पद्धत खरी आहे, पण गाडीच्या कंपनीची स्वतःची वायरिंग वेगळ्या रंगांची असू शकते. आधीच्या मालकाने घरी केलेल्या कामात तर हाताला लागली ती तार वापरलेली असते.

पायरी ५: टेस्टर लावून

तेरा पिनी टेस्टर म्हणजे प्लगच्या आकाराची छोटी डबी, तिच्यावर प्रत्येक कामासाठी एक दिवा. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. आत बसायला एक माणूस हवा.

इग्निशन चालू करा, इंजिन नको. आतल्याला एकेक गोष्ट सांगा आणि मागे फक्त तोच दिवा लागतो का ते पाहा: डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, पार्किंग लाईट, ब्रेक, मग हेडलाईट लावून मागचा फॉग. रिव्हर्ससाठी पार्किंग ब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद ठेवूनच गिअर टाका. मागे उभ्या माणसाचा जीव त्यावर असतो. ऑटोमॅटिक गाडीत सांभाळून, नाहीतर ही एक पायरी सोडून द्या.

‘फक्त तोच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ब्रेक दाबल्यावर ब्रेकचा दिवा लागला, पण इंडिकेटरचाही मंद लागला, तर ती तपासणी पास नाही. असं का होतं ते पुढच्या पायरीत येतं.

नव्या गाड्यांत एक अडचण येते. तिथे सॉकेटमागे संगणकीय मॉड्यूल असतं. ट्रेलर जोडलेला आहे हे ओळखल्याशिवाय ते वीज सोडत नाही, आणि ओळखतं ते बल्ब किती करंट ओढतो त्यावरून. साधा एलईडी टेस्टर इतका थोडा करंट घेतो की मॉड्यूलला काही जोडल्याचं कळतच नाही. सॉकेट निर्दोष असूनही सगळं मृत दिसतं. अशा वेळी खरा बल्बवाला ट्रेलर किंवा कॅरियर जोडून पाहा, अथवा आत भार असलेला, म्हणजे बल्बइतका करंट ओढणारा, टेस्टर घ्या. ९ आणि १० वरची वीजसुद्धा काही गाड्यांत ट्रेलर ओळखल्यावर किंवा इंजिन चालू झाल्यावरच येते.

मागच्या फॉग लाईटचं वेगळं सांगायला हवं. ट्रेलर जोडला की गाडीचा स्वतःचा मागचा फॉग लाईट बंद व्हावा अशी सोय असते, नाहीतर त्याचा लाल झोत कॅराव्हॅनच्या पांढऱ्या अंगावरून उलटून आरशात येतो. जुन्या पद्धतीत हे काम सॉकेटमधला एक छोटा मायक्रोस्विच करतो. तो चिखलाने किंवा गंजाने दाबलेल्या अवस्थेत अडकला, तर ट्रेलर नसतानाही गाडीचा फॉग लाईट लागत नाही आणि गाडी एमओटीत नापास होते. लोक बल्ब बदलतात, फ्यूज बदलतात, स्विच बदलतात. दोष बंपरखालच्या झाकणाआड असतो. फॉग लागत नसेल आणि गाडीला टोबार असेल तर आधी तिथे पाहा.

पायरी ६: अर्थ, आणि तोही भाराखाली

ट्रेलरच्या दिव्यांतले विचित्र दोष बहुतेक अर्थचे असतात. सगळ्या दिव्यांतून आलेली वीज ३ क्रमांकाच्या एकाच पिनेने परत जाते. ती वाट गंजाने अरुंद झाली की वीज दुसरी वाट शोधते: ब्रेकच्या बल्बमधून निघालेली वीज शेजारच्या टेल लाईटच्या किंवा इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी घुसून परत जाते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की सगळा मागचा भाग लुकलुकतो. अशी लक्षणं दिसली तर बल्ब बदलत बसू नका.

इथे मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) फसवू शकतो. नुसता मल्टीमीटर ६ आणि ३ वर टेकवला आणि ब्रेक दाबला तर १२ व्होल्ट दाखवेल, कारण मोजायला त्याला नगण्य करंट लागतो. तांब्याचा एकच धागा शिल्लक असला तरी पूर्ण व्होल्टेज दिसतं. पण ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा असतो आणि १२ व्होल्टला साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. वाटेत एक ओहमचा जरी अडथळा असला तरी दीड व्होल्टच्या आसपास तिथेच जातो आणि बल्ब पिवळट दिसतो. ट्रेलरला दोन ब्रेक लाईट असतात, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान याहून जास्त.

म्हणून तपासायचं ते भाराखाली. एक सुटा प्लग आणा आणि त्याच्या मागून तारांचे छोटे तुकडे बाहेर काढा, प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी लावा. ६ आणि ३ च्या तारांमध्ये २१ वॅटचा बल्ब जोडा. आतल्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. बल्ब पेटलेला असताना मल्टीमीटरचं एक टोक ३ च्या तारेवर आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर धरा. मागच्या बंपरपासून बॉनेटपर्यंत लांब तार लागेल, ती घ्याच. आकडा शून्याजवळ हवा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थच्या वाटेत अडथळा आहे. मग ६ आणि ३ मधलं व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवरच्या व्होल्टेजशी ताडून पाहा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त फरक पडला तर जोड तपासा. हेच १, ४, ५ आणि ७ साठी करा, पण टेल लाईटला ५ वॅटचा बल्ब लावा.

अर्थचा दोष सापडतो कुठे? बहुतेकदा डिकीच्या आत, जिथे पांढरी तार बोल्टने पत्र्याला जोडलेली असते. बोल्ट काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, पुन्हा घट्ट करा, वरून ग्रीस लावा. तेरा पिनीत ३, ११ आणि १३ असे तीन अर्थ आहेत. ट्रेलरच्या बाजूला ते एकमेकांना जोडायचे नसतात, कारण फ्रिजचा मोठा करंट मग दिव्यांच्या अर्थमधून वाहू लागतो. घरी बनवलेल्या ट्रेलरमध्ये हे हटकून पाहा.

पायरी ७: सापडलेले दोष दुरुस्त करताना

जुन्या गाड्यांत टोबारच्या तारा गाडीच्या दिव्यांच्या तारांना निळ्या प्लास्टिकच्या चिमट्यांनी जोडलेल्या असतात. चिमटा आवरण कापून आतल्या तांब्याला टेकतो. लावायला सोपा, पण ओल शिरली की दोनतीन हिवाळ्यांत तांबं खाऊन टाकतो. मी ते दिसले की काढून टाकायला सांगते आणि सोल्डर किंवा चांगला क्रिंप (दाबून बसवायचा जोड) वापरायला सांगते.

डावा-उजवा इंडिकेटर उलटा लागत असेल तर १ आणि ४ च्या तारा बदललेल्या आहेत. ५ आणि ७ बदललेल्या असतील तर साध्या पाहण्यात कळत नाही, कारण दोन्ही टेल लाईट एकदमच लागतात. गाडीला एकाच बाजूचा पार्किंग लाईट लावायची सोय असेल तर तिच्याने तपासा.

डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ असा इशारा सतत येत असेल तर बहुधा ट्रेलरच्या तारा थेट दिव्यांवर जोडल्या आहेत. तिथे बायपास रिले हवा. तो गाडीच्या दिव्याकडून फक्त इशारा घेतो आणि वीज वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीकडून. अगदी नव्या गाडीत मॉड्यूल बसवल्यावर ते गाडीच्या संगणकात नोंदवावंही लागतं. हे काम टोबार बसवणाऱ्या जाणकाराकडे द्या, नेहमीच्या गॅरेजात ते साधन असेलच असं नाही.

टोबार वापरायचाच नसेल तर सॉकेट वायरिंगसकट पद्धतशीर काढून घेता येतं. बंपरखाली तारा कापून उघड्या सोडणं मात्र धोक्याचं, त्यातली एक कायम बॅटरीला जोडलेली असू शकते.

सायकल कॅरियरवाल्यांसाठी

आपल्यातले बरेच जण सॉकेट वापरतात ते यासाठीच. कॅरियर आणि सायकली मिळून गाडीचे मागचे दिवे किंवा नंबरप्लेट झाकत असतील तर कॅरियरवर दिव्यांची पट्टी आणि गाडीच्याच नंबरची प्लेट लावावी लागते. ती प्लेट रात्री उजळलेली हवी. तिला वीज टेल लाईटच्या तारेवरून मिळते. म्हणजे ५ किंवा ७ मधली एक पिन मेली तर टेल लाईटसोबत नंबरप्लेटही अंधारात जाऊ शकते. सुट्टीला निघताना कॅरियर लावून झाल्यावर एकदा मागे जाऊन सगळे दिवे बघा, आणि ट्रेलर किंवा कॅरियरचे इंडिकेटर चालू असल्याची खूण, म्हणजे आतला आवाज किंवा डॅशबोर्डवरचा दिवा, मिळते का तेही पाहा.

एमओटीच्या दिवशी

जुनी गाडी घेण्याआधी तिचा नंबर घालून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास फुकट बघता येतो. मागच्या चाचण्यांमध्ये सॉकेटबद्दल शेरा असेल तर विक्रेत्याला त्याबद्दल थेट विचारा.

चाचणी मुदत संपण्याच्या एक महिना आधी, वजा एक दिवस, करता येते आणि जुनी तारीख कायम राहते. ही सवलत वापरा. दुरुस्तीला वेळ मिळतो. गाडी नेण्याआधी ॲडॅप्टर काढलेला, सॉकेट पुसलेलं, आणि दुमडणारा टोबार असेल तर तो कसा उघडायचा हे काउंटरवर सांगितलेलं असू द्या. किल्ली लागत असेल तर तीही द्या.

सॉकेटवरून गाडी नापास झालीच, तर निराश होऊन पुन्हा पूर्ण फी भरायची गरज नाही. ज्या दोषांसाठी त्याच केंद्रावर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या अखेरपर्यंत गाडी परत आणली तर फेरतपासणी विनामूल्य होते, त्यांच्या यादीत ट्रेलरचं सॉकेट आहे. म्हणून नापासाचा कागद हातात आला की त्यावर नेमकं कोणतं कलम लिहिलंय ते वाचा, परीक्षकाला कोणती पिन चालली नाही ते विचारा, आणि त्याच संध्याकाळी त्या पिनेचा फ्यूज, जोड आणि अर्थ या क्रमाने तपासायला घ्या.